उड्या कोळी बघायला शिकताना: सुरुवात घरच्या भिंतीपासून

जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस पडून गेला की त्या संध्याकाळी गोव्यात फोंड्याकडच्या आमच्या घरात वाळवीच्या पंखवाल्या किड्यांची धाड येते. आम्ही दिवे मालवून बसतो, एकाच ट्यूबखाली पाण्याची परात ठेवतो, तरी सकाळी केरात पंखच पंख. अशाच एका संध्याकाळी माझ्या सहा वर्षांच्या भाच्याने ट्यूबच्या पट्टीकडे बोट दाखवलं. तिथे नखाएवढा एक कोळी बसला होता. काळा, अंगावर पांढरे पट्टे, तोंडात वाळवीचा किडा. भाचा डावीकडे सरकला, तर कोळ्यानेही तोंड डावीकडे केलं. भाचा उजवीकडे गेला, कोळी उजवीकडे वळला.

"मामा, तो आमकां पळयता," असं म्हणून पोर माझ्या मागे लपलं.

तो खरंच बघत होता. आपल्या घरात झुरळं असतात, पाली असतात, मुंग्या तर असतातच. पण यातलं कुणी अंग वळवून, थांबून, आपल्याकडे टक लावत नाही. हा कोळी लावतो. त्या दिवसापासून मला त्याचा नाद लागला, आणि गेल्या काही पावसाळ्यांत जे शिकलो ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी इथे लिहितो आहे. मी प्राणिशास्त्र शिकलेलो नाही. त्याची गरजही पडली नाही.

सामान काय लागतं? फोन, विजेरी, काचेचा एक ग्लास, एक जाड कागद, आणि भिंतीवर टांगलेली दिनदर्शिका. दिनदर्शिका कशाला ते पुढे येईलच.

पहिलं काम: हा तोच आहे का ते ठरवा

घरात सापडणारा प्रत्येक कोळी उड्या मारणारा नसतो. छताच्या कोपऱ्यात विरविरीत जाळं करून, लांबलचक पाय पसरून उलटा लटकतो तो वेगळा. हात लावला की तो जाळ्यात गरगर हलतो. रात्री मोरीत किंवा कपाटामागे दिसणारा, पाय पसरले तर तळहात झाकेल एवढा चपटा तपकिरी कोळीही वेगळा. तो झुरळं खातो. त्याची मादी अंड्यांची पांढरी चकती पोटाखाली धरून हिंडते, आणि आमच्या काकीला तिची जेवढी भीती वाटते तेवढी सापाचीही वाटत नसेल. माडाच्या खोडाला चिकटलेला, मागे दोन शेपट्या असल्यासारखा दिसणारा आणखी एक असतो. तोही नव्हे.

उड्या कोळी आखूड पायांचा आणि आटोपशीर बांध्याचा असतो. पुढचा भाग चौकोनी डबीसारखा, आणि त्या डबीच्या दर्शनी बाजूला मोटारीच्या दिव्यांसारखे दोन मोठे डोळे. चाल तर एकदा पाहिली की विसरत नाही. चार पावलं भरभर, मग थांबा. पुन्हा चार पावलं, पुन्हा थांबा. थांबला की तोंडापुढचे दोन छोटे हात वरखाली करत बसतो. तो जाळं विणून शिकारीची वाट बघत नाही, शिकारीमागे स्वतः जातो. शास्त्रात या कुळाला साल्टिसिडी म्हणतात. कोळ्यांच्या सगळ्या कुळांत हे सर्वांत मोठं, सहा हजारांहून जास्त जातींचं. २०२२ साली जगातल्या कोळ्यांच्या अधिकृत यादीत पन्नास हजारावी जात चढली, तीही याच कुळातली, दक्षिण अमेरिकेतली होती.

दुसरं काम: एक भिंत निवडा

नवखा माणूस इथेच चुकतो. कॅमेरा गळ्यात अडकवून तो थेट बोंडल्याच्या किंवा नेत्रावळीच्या रानात जातो, दिवसभर पानं उलटी करतो आणि हात हलवत परत येतो. रान पुढे आहेच. आधी घरची भिंत.

सकाळचं ऊन पडणारी भिंत निवडा. चुना लावलेली असेल तर उत्तमच, पांढऱ्यावर कोळी लगेच दिसतो. नाहीतर खिडकीची चौकट, तुळशीवृंदावनाचा कट्टा, पडवीचे खांब, गडग्याचे उघडे चिरे, मीटरची पेटी, यांतलं काहीही चालेल. हे दिवसाचे शिकारी आहेत. नजरेवर जगतात, म्हणून त्यांना उजेड लागतो. पोदेर पाव देऊन गेला की त्यानंतरचे दोनतीन तास मला सर्वांत फळतात. भर दुपारी ते सावलीला जातात. दिव्याजवळ मात्र काही जण रात्रीही शिकार साधतात, भाच्याने पाहिलेला त्यांतलाच.

रोज त्याच भिंतीसमोर दहा मिनिटं उभं राहायचं, बस. पहिले तीन दिवस काही दिसणार नाही. चौथ्या दिवशी भिंतीवरचा मळाचा डाग चालायला लागेल.

नावं किती, कुठली

पहिल्या महिन्यात तीन नावं पुरतात. आपल्याकडच्या घरांत नेहमी भेटणारे तेवढेच आहेत.

ट्यूबवर होता तो प्लेक्सिपस पेकुली. साधारण एक सेंटिमीटर लांब. नर काळा, पाठीच्या मधोमध पांढरा पट्टा, दोन्ही कडांना पांढरे पट्टे. मादी राखट तपकिरी, अंगाने थोडी मोठी, मधला पट्टा फिकट, आणि पोटाच्या मागच्या टोकाजवळ पांढऱ्या ठिपक्यांची जोडी. नर आणि मादी शेजारी ठेवली तर एका जातीची आहेत हे सांगूनही पटत नाही. मी पूर्ण एक मोसम त्यांना दोन जाती समजत होतो.

बाहेरच्या भिंतीवर उन्हात चपटा होऊन बसलेला राखाडी कोळी मेनेमेरस बायव्हिटॅटस. भिंतीला इतका लगटून असतो की सावली पडत नाही. माश्या पकडण्यात तरबेज. मादीच्या पोटाच्या दोन्ही बाजूंनी काळसर रेघा जातात आणि मागे मिळतात. नराच्या पाठीवर मधोमध एक काळी रेघ असते.

तिसरा हॅसेरियस ॲडॅन्सोनी. आणखी छोटा, आणि त्याला आडोसा आवडतो. पुस्तकांचं कपाट, कुंड्यांची मागची बाजू, न्हाणीघराची खिडकी. नर काळाभोर, डोळ्यांभोवती तांबूस मुखवटा, पोटाच्या पुढच्या कडेला पांढरी चंद्रकोर. मादी साधी तपकिरी. हा मूळचा आफ्रिकेकडचा म्हणतात, पण माणसाच्या सामानातून जगभर पोचला आहे. युरोपात थंडीमुळे बाहेर टिकत नाही, तर तिथे काचेच्या उबदार हरितगृहांत राहतो. आपल्याकडे त्याला अख्खं घर मोकळं आहे.

नावाचा हट्ट मात्र धरू नका. पुष्कळ जाती नुसत्या फोटोवरून नक्की सांगता येत नाहीत, तज्ज्ञांनाही सूक्ष्मदर्शक लागतो. "राखाडी, चपटा, बाहेरच्या भिंतीवरचा" एवढी नोंदसुद्धा पुष्कळ झाली.

तिसरं काम: ओळख करून घ्या

आता खरी मजा. कोळी दिसला की झडप घालू नका. तुमची सावली त्याच्यावर पडता कामा नये. हातभर अंतरावर उभं राहा आणि त्याने बघेपर्यंत थांबा. मग एक पेन्सिल त्याच्या बाजूने, वीतभर लांबून, सावकाश हलवा. तो गर्रकन वळेल आणि पेन्सिल बरोबर समोर घेईल.

असं का होतं हे कळलं की बघण्यात दुप्पट गोडी येते. त्याला आठ डोळे. त्यांतले सहा बाजूंना आणि मागे. त्यांचं काम एवढंच, कुठे काही हललं का ते टिपायचं. त्यामुळे जवळजवळ चारी बाजूंची हालचाल त्याला कळते. हललेली वस्तू काय आहे, ते बघतात पुढचे दोन मोठे डोळे. हे दोन डोळे आतून दुर्बिणीसारखे लांब नळीचे आहेत. चित्र स्पष्ट येतं, पण दिसणारा भाग अगदी अरुंद, किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखा. बाहेरचं भिंग कवचात पक्कं बसलेलं, ते हलत नाही. म्हणून आतली नळीच स्नायूंनी डावीउजवीकडे, वरखाली फिरते आणि समोरची वस्तू तुकड्यातुकड्याने चाचपते. फिकट रंगाच्या कोळ्याच्या डोळ्यांत जवळून बघितलंत तर डोळा आत्ता काळा, आत्ता मधासारखा झालेला दिसेल. नळी तुमच्याकडे रोखली की काळा, दुसरीकडे फिरली की फिका.

अंतर कसं मोजतो, हे त्याहून अजब. डोळ्यातल्या पडद्याला चार थर आहेत. त्यांतल्या दोन थरांना हिरवा उजेड कळतो, पण चित्र नेमकं उमटतं ते सगळ्यांत आतल्या थरावर. शेजारच्या थरावर ते धूसर पडतं. किती धूसर, यावरून शिकार किती लांब आहे ते त्याला समजतं. जपानमधल्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली हे दाखवलं, आणि तेही आपल्या कपाटामागच्या हॅसेरियस ॲडॅन्सोनीवरच. हिरव्या उजेडात त्याची उडी बरोबर पडायची. नुसत्या लाल उजेडात ठेवला तर अंदाज चुकून तो शिकारीच्या अलीकडेच उतरायचा. माझ्या न्हाणीघरातला कोळी जगभरच्या शास्त्रात गाजला आहे हे मी घरात दोनतीनदा सांगून पाहिलं. कुणावर विशेष परिणाम झाला नाही.

एक प्रयोग मुलांना फार आवडतो. नराच्या समोर, चार बोटांवर, छोटा आरसा धरा. बऱ्याचदा तो आरशातल्या कोळ्याला दुसरा नर समजतो. पुढचे पाय फाकवून वर उचलतो, अंग ताठ करतो, एक पाऊल पुढे, एक मागे. मिनिटभर बघा आणि आरसा काढून घ्या. उगाच त्याला दिवसभर भांडत ठेवू नये.

नर कसा ओळखायचा? तोंडापुढचे ते दोन छोटे हात बघा. टोकाला मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यांसारखे फुगीर असतील तर वयात आलेला नर. सरळ, बारीक असतील तर मादी किंवा पोर.

चौथं काम: एक शिकार पूर्ण बघा

पूर्ण म्हणजे सुरुवातीपासून. तोंडात माशी धरलेला कोळी दिसणं सोपं, पण ती माशी तिथवर आली कशी हे बघायला बैठक लागते. मला पहिली पूर्ण शिकार दिसायला पाच आठवडे लागले.

भिंतीवर माशी बसते. कोळी वळतो. मग मांजर जशी उंदरावर जाते तसा, अंग खाली दाबून, माशी हलली की थांबत, माशी थांबली की सरकत पुढे जातो. मध्ये खांबाचा आडोसा असेल तर वळसा घालतो, आणि त्या वळशात माशी नजरेआड होते तरी तिची जागा विसरत नाही. दोनतीन अंगुळं राहिली की मागचे पाय जमवतो, पोटाचं टोक भिंतीला टेकवतो, आणि मग उडी. एवढी झटकन की डोळ्याला दिसतं ते फक्त आधीचं आणि नंतरचं.

पोट भिंतीला टेकवलं तेव्हा त्याने रेशमाचा धागा चिकटवलेला असतो. उडी चुकली तर तो या धाग्यावर लोंबकळतो आणि चढून परत येतो. घसरून खाली पडलेला उड्या कोळी मी अजून पाहिलेला नाही. हवेत असताना अंग गरगरू नये म्हणूनही हा धागा कामी येतो. आणि उडीचं बळ? टोळासारख्या जाड मांड्या त्याला नाहीत. कोळ्यांच्या पायांत सांधा दुमडायला स्नायू असतात, पण मुख्य सांधे उलगडायला नसतात. अंगातलं रक्त दाबाने पायांत ढकललं की पाय ताठ होतात. बागेतल्या पाइपात पाणी सोडलं की तो ताठ होऊन उसळी घेतो ना, तसंच. मेलेल्या कोळ्याचे पाय आत मुडपलेले असतात ते यामुळेच, दाब संपलेला असतो.

पकडलेल्या किड्याला तो विष टोचतो, पाचक रस सोडतो आणि विरघळलेलं पिऊन घेतो. चघळून टाकलेला चोथा खिडकीच्या कडेला पडलेला मिळेल. डास, माश्या, पतंग, झुरळांची पिल्लं, दुसरे कोळी, काहीही चालतं. पण याने घरातले डास संपतील अशी आशा धरू नका. गोव्याच्या पावसाळ्यात साचलेलं पाणी उपसायला पर्याय नाही.

चावण्याबद्दल एकदाच सांगतो. चिमटीत चिरडलात तर कुठलाही कोळी चावेल, पण माणसाला धोका होईल असं विष या घरगुती उड्या कोळ्यांत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी इमेलवरून एक भयकथा फिरत होती, की संडासाच्या बैठकीखाली राहणारा दोन पट्ट्यांचा कोळी चावून माणसं मेली. त्यात नाव घातलं होतं टेलामोनिया डायमिडियाटाचं. सगळी थाप होती. ती बिचारी बागेतली, पानांवर राहणारी. मादी फिकट पिवळी, पोटावर दोन लाल रेघा. जास्वंदीच्या पानावर दिसली तर पळू नका, फोटो काढा.

फोटो कसा काढावा

फोन भिंतीला समांतर धरून, कोळ्याच्या उंचीवर आणा. वरून काढलेला फोटो म्हणजे नुसता ठिपका. समोरून डोळे येतात. भिंग आधी सदऱ्याला पुसून घ्या, पावसाळी दमटपणात ते सतत धुकटतं. फोनला लावायचं चिमट्याचं छोटं भिंग मिळतं, त्याने बराच फरक पडतो. ते नसेल तर व्हिडिओ घ्या आणि त्यातलं चित्र निवडा. शिवाय पाठीवरचा एक फोटो आणि बाजूचा एक, असे दोन ओळखीसाठी. आय-नॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या संकेतस्थळांवर टाकले तर जाणकार मंडळी नाव सुचवतात.

घरात नको असेल तर ग्लास त्याच्यावर उपडा ठेवा, खालून कागद सरकवा आणि अंगणात सोडा. बरणीत कोंडून पाळायचा मोह होतो, मलाही झाला. तीन दिवसांनी सोडून दिला. बरणीत तो काहीच करत नव्हता, आणि मला बघायचं होतं ते सगळं तो भिंतीवर करत होता. अभयारण्यातून तर कोळीच काय, काहीही उचलून आणायला कायद्याने बंदी आहे.

पाचवं काम: केरसुणी आवरा

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी गोव्यातल्या घरांत जी झाडलोट होते तिच्यापुढे कुठल्याही कोळ्याचं काही चालत नाही. छताची जळमटं लांब काठीच्या झाडूने उतरवायची, भिंती पुसायच्या, खोल्या धुवायच्या. मी जळमटांच्या बाजूने बोलत नाही. पण जळमट आणि उड्या कोळ्याचं घर यांत फरक आहे.

जाळं विणत नसला तरी हा कोळी रेशीम वापरतो. रात्री झोपायला, कात टाकायला आणि अंडी घालायला तो पांढऱ्या रेशमाची छोटी, दाट पिशवी करतो. खिडकीच्या बिजागरीजवळ, फोटोच्या चौकटीमागे, दुमडलेल्या पडद्यात, कौलांखालच्या वाशाच्या फटीत. लांबट, चपटी, अंगठ्याच्या पेराएवढी किंवा त्याहून लहान, टोकांना उघडी. धूळ चिकटलेलं, लोंबणारं जळमट म्हणजे बहुधा ओसाड जाळं. ही पिशवी मात्र स्वच्छ असते आणि आत कुणीतरी असतं. विजेरी तिरकी धरली तर आतली सावली दिसते.

कात टाकलेली दिसली तर जपून ठेवा. आठ पायांचं, डोळ्यांच्या भिंगांसकट उतरलेलं पारदर्शक अंगरखं असतं ते. वाढीच्या काळात कोळी अशी कात बऱ्याचदा टाकतो. एखादा पाय तुटला असेल तर पुढच्या कातींत तो हळूहळू पुन्हा येतो. आमच्या पडवीत सात पायांची एक मादी होती. दीड महिन्याने आठवा पाय आला, पण बारीक आणि फिकट, दुसऱ्याचा उसना आणल्यासारखा.

रात्रीचंही एक सांगायला हवं. जर्मनीत एव्हार्का आर्क्युएटा जातीचे उड्या कोळी रात्री धाग्यावर उलटे लटकून झोपतात असं दिसलं. त्यांच्या पिल्लांचं कवच पारदर्शक असतं, त्यामुळे डोळ्यांच्या नळ्या बाहेरून दिसतात. झोपेत ठरावीक वेळाने त्या नळ्या हलतात, पाय आखडतात. आपल्याला स्वप्न पडतं तेव्हा डोळे हलतात, तशी ही अवस्था असावी असं २०२२ साली मांडलं गेलं. त्यांना स्वप्न पडतं का हे कुणी सांगू शकत नाही. पण तेव्हापासून रात्री पाणी प्यायला उठलो की मी विजेरी पिशवीवर मारत नाही.

शत्रू कोण

पाल आहेच. मुंग्या पिशवीत शिरतात. पण सर्वांत मोठा शत्रू कुंभारीण माशी. भिंतीवर, दारामागे, कधी विजेच्या प्लगच्या भोकात मातीची घरटी करते ती. कोळ्याला नांगी मारून लुळा करते, जिवंतच मातीच्या खोलीत भरते आणि त्याच्यावर अंडं घालून दार लिंपून टाकते. अळी बाहेर आली की ताजं अन्न तयार. बंद पडलेलं जुनं घरटं फोडून बघा, कधी आत पाय आखडलेले पाचसहा कोळी निघतात. अमेरिकेतल्या एका उड्या कोळ्यावर २०१६ साली झालेल्या अभ्यासात दिसलं, की त्याला कान नसूनही पायांवरच्या केसांनी तो काही मीटरवरचा आवाज टिपतो, आणि खर्जातला आवाज ऐकला की जागच्या जागी थिजतो. अशा माश्यांच्या पंखांचा आवाज त्याच पट्टीतला. आमच्या भिंतीवरचा कोळी कुंभारीण गुणगुणत आली की दगड होतो, हे मी आधीही पाहिलं होतं. मला वाटायचं तो तिला बघून थिजतो.

सहावं काम, मोसमभरानंतरच: कुळागरात जा

घरची भिंत पाठ झाली की काजूच्या झाडाकडे वळा. काजूवर, आंब्यावर पानं शिवून घर करणारे तांबडे हुमले, म्हणजे मुंग्या असतात. चावले की माणूस नाचतो, तेच. त्यांच्या रांगेकडे लांबून नीट बघा. एखादा हुमला जरा वेगळा चालतो. रांगेत मिसळत नाही, कुणाला भिडत नाही, आणि तुम्ही जवळ गेलात तर पानामागे जातो. पाय मोजा. आठ भरले तर तो मिरमाप्लाटा प्लाटेलॉइडेस, मुंगीचं सोंग घेतलेला उड्या कोळी. कंबर मुंगीसारखी बारीक, पुढचे दोन पाय मिशांसारखे उचलून हलवत असतो. नराचे जबडे पुढे एवढे लांब वाढलेले असतात की मुंगी दुसऱ्या मुंगीला तोंडात धरून नेते आहे असं वाटतं. हुमल्यांच्या वाटेला फारसं कुणी जात नाही, म्हणून हे सोंग. शिगम्यात सोंगं पाहत वाढलेल्या माणसाला तर हे लगेच कळावं, तरी मला पहिला सापडायला दोन वर्षं लागली. धागा सोडून खाली उतरला म्हणून कळलं. मुंगी धागा सोडत नाही.

नोंद कशी ठेवावी

वही घेतली की आठवड्यात ती हरवते. म्हणून दिनदर्शिका. स्वयंपाकघरात टांगलेली असते, शेजारी पेन्सिल असते, दुधाचा हिशेब होतोच. त्याच चौकोनात दोन शब्द लिहा: "राखाडी, मीटरपेटी, माशी." "काळा नर, ट्यूब." काहीच दिसलं नाही तर फुली. वर्षभराची पानं उलटली की कधी पोरं दिसतात, कधी नर जास्त हिंडतात, कोणता कोपरा कुणाचा, हे आपोआप कळतं. माझ्या चौकोनांत मे महिना जवळजवळ फुल्यांचाच आहे आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून जागा पुरत नाही.

प्लेक्सिपसच्या नराचं मादीपुढचं नाचणं याच चौकोनांमुळे मला सापडलं. तीन दिवस लागोपाठ "दोघं, दाराची चौकट" असं लिहिलं गेलं म्हणून चौथ्या दिवशी खुर्ची टाकून बसलो. नर पुढचे पाय उचलून, तिरका तिरका, डावीउजवीकडे सरकत पुढे येत होता. मादी त्याच्याकडे तोंड करून गप्प. मध्येच ती अंगावर धावून गेली, तो दोन उड्यांत मागे, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. सगळं वीस मिनिटं चाललं. वहिनीने दारातून दोनदा "चहा थंड झाला" म्हणून सांगितलं.

पुढे जुलैअखेरीस पान उलटायला दिनदर्शिका हातात घेतली तर मागे, भिंत आणि कागद यांच्या मध्ये, ती दाट पांढरी पिशवी. आत तीच मादी, पोटाखाली अंड्यांचा पुंजका. अंडी फुटून पोरं एक कात टाकून बाहेर पडेपर्यंत ती बहुतेक वेळ तिथेच राखण करत बसते. एक कड कागदाला चिकटलेली होती. पान उलटलं असतं तर पिशवी फाटली असती.

त्या वर्षी आमच्याकडे गोकुळाष्टमी जुलैच्या पानावर झाली. एकादशी कधी, संकष्टी कधी, हे वहिनी शेजारी जाऊन विचारून येत होती, आणि शेजारणीला कारण सांगत नव्हती. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी पिशवीबाहेर, कागदाच्या कडेवर, मोहरीएवढी चौदा पोरं मोजली. दुसऱ्या दिवशी नऊ. तिसऱ्या दिवशी एकही नव्हतं. चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची चौकट, बांधायच्या आदल्या दिवशी मी दोन्ही पानं एकदम उलटली.